मागच्या सीटवरचे परीक्षक

आमच्या गल्लीत परीक्षा घेणारी माणसं दोनच. एक मी, हायस्कुलात मराठी शिकवणारी, आणि दुसरे समोरच्या घरातले आप्पा मगदूम. माझ्या परीक्षेत पोरं पास व्हायची. दोन-चार मार्कांसाठी कुणी अडलंच तर माझा हात ढिला पडायचा. असतो एकेकाचा स्वभाव. आप्पांच्या परीक्षेत मात्र कुणी पास झाल्याचं अख्ख्या निपाणीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

परीक्षा त्यांच्या बुलेटसाठी होती. जुनी, काळी, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली. आताच्या गाड्यांचं सगळं याच्या उलट असतं, हे मला आप्पांमुळेच कळलं. मी आपली आयुष्यभर स्कूटीवाली. गुडघे गेले तसं आप्पांना ती गाडी झेपेना. एकदा किक उलटी आली आणि नडगीवर अशी बसली की कितीतरी दिवस पाय उशीवर ठेवून पडून होते. बेंगळूरला असलेल्या मुलानं, राजूनं, फोनवरून तंबी दिली, "आप्पा, ती गाडी पहिली काढून टाका." आप्पांनी ऐकलं. म्हणजे अर्धं ऐकलं. फाटकाला एक पुठ्ठा टांगला: ‘गाडी देणे आहे. येणाऱ्याने तयारी करून यावे.’ तयारी कसली ते आत गेल्यावर कळायचं.

रविवारी सकाळी पोरं यायला लागायची. आप्पा आंघोळ करून, पांढरा सदरा-पायजमा घालून, टोपी सारखी करून पडवीत बसलेले असायचे. आधी चहा. "उपाशीपोटी परीक्षा घ्यायची न्हाय," असा त्यांचा नियम. मालूआक्का, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून चहा तेच करायचे आणि इतका गोड करायचे की पोरांची तोंडं चिकटायची. पोरगं चहा पीत असताना आप्पांची नजर त्याच्या पायाकडे. डाव्या बुटाचा वरचा भाग गिअरनं घासलाय का ते बघायचे. घासला असेल तर पोरगं खरोखर गाडी चालवतं, नुसतं गाडीजवळ उभं राहून फोटो काढत नाही. बूट कोरा दिसला की "चहा पी बाबा, अन् सावकाश जा," एवढ्यावर काम आटपायचं.

ही पारखायची खोड वखारीतली. आमचं गाव तंबाखूचं. आप्पा एका मोठ्या वखारीत खरेदीवर होते आणि याच गाडीवरून गावोगाव माल बघत हिंडायचे. ढिगातलं एक पान उचलायचं, तळहातावर चुरडायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे. मग एकच शब्द, ‘चालंल’ किंवा ‘न्हाय’. समोरच्यानं कितीही गळ घातली तरी तो शब्द फिरत नसे. "मालाला खोटं बोललो न्हाय कधी," हे ते फार अभिमानानं सांगायचे. माणसांना खोटं बोलताना मात्र मी त्यांना पुष्कळदा ऐकलंय. राजूचा फोन आला की "मी एकदम झ्याक हाय, जेवण झालं, पावणे आल्यात, ठेव आता," असं सांगायचे. घरात ना पावणा असायचा ना जेवण झालेलं असायचं. मग मी भाकरी-भाजी घेऊन गेले की म्हणायचे, "बाई, तुमच्या खिडकीला कान हाईत काय?"

कान होतेच. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या पडवीसमोर, आणि आप्पांचा आवाज वखारीत कमावलेला. त्यांचे सगळे प्रश्न मला पोळ्या लाटता लाटता पाठ झाले होते.

"किक मारायच्या आधी कुठं बघायचं?" हा पहिला प्रश्न ठरलेला. कुणी म्हणायचं आरशात, कुणी म्हणायचं रस्त्याकडं. एकानं "देवाकडं" म्हणून सांगितलं. त्याला आप्पांनी आणखी एक कप चहा दिला, मार्क दिले नाहीत. बरोबर उत्तर, मीटरचा काटा. दिव्याच्या डोक्यावरचा तो बारका काटा मधोमध आला की हँडलजवळची खिट्टी दाबून इंजिनातला दाब सोडायचा, आणि मग एकच किक, मनापासून. हे काही पोरांना इंटरनेटवर बघून माहीत असायचं. ती खुशीत यायची, आता गाडी आपलीच म्हणून माझ्या खिडकीकडं बघून हसायचीसुद्धा.

मग भाषेचा पेपर निघायचा आणि पोरांची दांडी गुल व्हायची.

वखारीच्या खरेदीवर चौघेजण होते आणि चौघांकडं फटफट्या. दिवसदिवस रस्त्यावर असायचे, त्यातून त्यांची आपली एक बोली तयार झाली होती. काटा न बघता मारली ती आंधळी किक. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरला की ती मुकी उतरण. बायकोच्या गावात शिरताना कॉलर नीट करून, छाती काढून, उगीच हळू चालवतात ती सासरवाडी चाल. आणि ओली बाळंतीण मागं बसवून, तिच्या मांडीवर बाळ, अशी घरी आणायची असली तर जशी चालवावी ती बाळंतीण चाल. आप्पा हे शब्द एकेक करून विचारायचे. पोरं ओशाळून हसायची, एकमेकांना कोपरानं ढोसायची. कुठून सांगणार बिचारी?

आमच्या भागात कुठली परीक्षा कुठल्या भाषेत घ्यावी यावरून डोकी फुटतात. आप्पांच्या पडवीत तो वाद नव्हता. चिकोडीकडची पोरं आली की सगळे प्रश्न अस्खलित कानडीत विचारायचे, ती चार नावंसुद्धा कानडीत फिरवून सांगायचे. नापास दोन्ही माध्यमांची पोरं सारखीच व्हायची.

मी एकदा चिडून म्हटलं, "आप्पा, तुम्ही चौघांनी केलेले शब्द ह्या पोरांना कसे यावेत? हा अन्याय आहे."

"खरं हाय," ते म्हणाले. "चौघातलं तिघं गेलं. मालूला यायची ती भाषा, ऐकून ऐकून. ती बी गेली. आता ह्या भाषेत बोलायचं तर कुणासंगं बोलू? म्हणून इचारतो. न जाणो, एखाद्याला ठावं असंल."

माझी चीड तिथंच विरली. मी भाकरीचं ताट ठेवून परत आले.

तिसरी परीक्षा रस्त्यावरची, भाषेत गचकलेल्यालाही ती द्यायला मिळायची. पोरानं गाडी चालवायची, अक्कोळच्या रस्त्यानं जाऊन परत यायचं, आणि परीक्षक मागच्या सीटवर. आता खरी गंमत ऐका. आप्पा मागं बसायचे ते दोन्ही पाय एका बाजूला सोडून. साडी नेसलेली बाई बसते ना, तसे. सहा फुटाचा माणूस, पांढऱ्या मिश्या, डोक्यावर टोपी, मांडीवर कापडी पिशवी, आणि एक हात पोराच्या खांद्यावर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांच्या हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं तर त्याची चित्रफीत काढून फोनवर सगळीकडं पाठवली, आणि त्यामुळं पार बेळगाव-कोल्हापूरहून पोरं यायला लागली. आप्पांना त्याचं काही नव्हतं. उलट रविवारचं दूध ते जास्त घ्यायला लागले.

येणारा प्रत्येकजण चालवायलाच यायचा असं नाही. हायवेवर मोठं हॉटेल असलेले एक गृहस्थ आले, त्यांना गाडी दारात शोभेला ठेवायची होती. सोबत चालवायला ड्रायव्हर आणला होता. म्हणाले, "किंमत तुम्ही सांगाल ती." आप्पांनी विचारलं, "मागं कोण बसणार?" गृहस्थ गोंधळले. "मागं? कुणी नाही हो. ती उभीच राहणार. गिऱ्हाइकं फोटो काढतील." आप्पा म्हणाले, "मग मला नेऊन उभा करा की. मी बी जुनाच हाय, काळा हाय, चालत न्हाय." गृहस्थ हसले, पण आप्पा हसत नाहीत म्हटल्यावर उठून गेले.

आणि एक आठवतो तो बेळगावचा पोरगा. अंगात जाडजूड जॅकेट, हातमोजे, गुडघ्यांना कवचं, सगळा थाटमाट. पोरगा चांगला होता हो, भाषेचा पेपर सोडला तर तोंडी परीक्षेत एकही उत्तर चुकला नाही. उजव्या पायात गिअर, डाव्यात ब्रेक, हे त्यानं स्वतःच आप्पांना समजावून सांगितलं. गाडी सुरूही एका किकमध्ये केली. गल्लीतून ऐटीत निघाला, आप्पा मागं तिरके बसलेले. कोपऱ्यावर समोरून म्हशी आल्या आणि पोरानं जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला, उजव्या पायानं. डोक्याला सगळं माहीत होतं, पायाला कुणी सांगितलं नव्हतं. गिअर पडला, गाडी उसळली आणि पुढच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात शिरली. पोरगा एकीकडं, आप्पा एकीकडं, टोपी म्हशीच्या पायात. आम्ही सगळ्या धावलो. आप्पा वाळूत बसूनच म्हणाले, "गाडीच्या तोंडीला पैकीच्या पैकी. रस्त्याला भोपळा." पोरगा रडकुंडीला आला होता. आप्पांनीच त्याच्या पाठीवरची वाळू झाडली आणि त्याला चहा पाजून लावून दिलं.

लागलं फारसं नव्हतं, कोपर सोलवटलं होतं. मी हळद घेऊन गेले आणि तोंडही सोडलं. "शोभतं का हे या वयात? आणि बसायचंच तर नीट दोन्हीकडं पाय टाकून बसा की! बायकांसारखं काय बसता?"

आप्पांनी कोपर माझ्यापुढं धरलं. मग म्हणाले, "मालू अशीच बसायची न्हवं. जलमभर. चिकोडीला म्हायेराला, देवाला, लग्नाकार्याला, कुठं बी जाऊ दे, माझ्या मागं अशीच. मांडीवर पिशवी, अन् एक हात माझ्या खांद्यावर. मी गाडी दामटली की ती खांदा दाबायची. आणखी दामटली की आणखी जोरात दाबायची. बाई, खोटं कशाला बोलू, मला वाटायचं प्रेमानं दाबत्या. मी आणखी पळवायचो."

मी हळद लावायची थांबले.

"ही पोरं मला मागं बसवून न्यायला लागली तवा पहिल्यांदा कळलं, मागं तिरकं बसल्यावर काय व्हतंय ते. पाय टेकायला जागा न्हाय, पुढचं काय दिसत न्हाय. खड्डा आला की काळीज तोंडात. माझा हात आपसूक पोराच्या खांद्यावर जातो अन् दाबतो. त्यात प्रेमबिम काय न्हाय हो बाई. भ्या असतंय नुसतं."

"त्या कधी बोलल्या नाहीत?"

"बोलायची की. कंबर दुखत्या म्हणायची. मी म्हणायचो, तुझी कंबरच नाजूक."

असं म्हणून ते हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. मला मालूआक्का आठवल्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला घाबरणाऱ्या. गाडीवरून उतरल्या की त्या आधी फाटकाला धरून जरा उभ्या राहायच्या. मला वाटायचं, पदर सारखा करतायत. मला त्या दिवशी आप्पांचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. मी हळदीची वाटी बाजूला ठेवली.

शेवटी मी त्यांना सरळच विचारलं, "आप्पा, तुम्हाला गाडी द्यायचीच नाही ना?"

"द्यायचीय," ते म्हणाले. "जो पास हुईल त्याला द्यायचीय. पण एक हाय बघा. गाडी गेली की हे फाटक वाजायचं बंद हुईल. आता निदान ऐतवारी चार माणसं येत्यात, आप्पा आप्पा करत्यात. पुढं कोण कशाला येतंय?" मग म्हणाले, "म्हणून मुद्दाम नापास करतो असं मातर समजू नगा. मालाला खोटं बोलणार न्हाय मी."

त्या दिवसापासून मला एक विचित्र सवय लागली. फाटक वाजलं की मी येणाऱ्या पोराकडं बघायची आणि मनातल्या मनात म्हणायची, देवा, ह्याला काही येत नसू दे. मी! सगळ्यांना ढकलून पुढं पाठवणारी बाई!

दिवाळीनंतरच्या एका रविवारी फाटक वाजलं आणि आत आली ती मुलगी. वर्षा कांबळे. चिकोडीच्या कोर्टात वकिली करायची. राहायला आमच्याच निपाणीत. अंगात साधा पंजाबी ड्रेस, पायात बूट. डाव्या बुटाचा वरचा भाग पार पांढरा पडला होता. मी खिडकीतून तो बघितला आणि गॅस बंद करून कान देऊन उभी राहिले.

आप्पांनी चहा दिला. "कुणाची गं तू?"

"तुमच्या वखारीत ताराबाई होती का, आप्पा? चाळणीवर, तंबाखू चाळायला? तिची नात."

"तारू?" आप्पा खुर्चीत पुढं सरकले. "तारू कांबळे? हाय व्हय अजून?"

"हाय की. तीच म्हणाली गाडी बघून ये." वर्षानं कप खाली ठेवला. "खरं सांगू का? ती सांगती, तुमच्या गाडीचा आवाज वखारीच्या आवारात आला की सगळ्या बायका बोलायच्या थांबायच्या, माना खाली घालून कामाला लागायच्या. आता ती म्हणत्या, एकदा त्या गाडीवर बसून वखारीपुढनं जायचंय, मान वर करून."

आप्पांनी गाडीकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "माझं भ्या वाटायचं व्हय त्यास्नी?"

"तुमचं न्हाय म्हणती. तुम्ही कधी वाईट बोलला न्हाईसा. गाडीचं वाटायचं."

"ते एकच झालं की गं," आप्पा म्हणाले. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि परीक्षा सुरू केली. मला वाटलं आवाज जरा उतरलाय.

काट्याचं तिला माहीत होतं. मग भाषेचा पेपर. "आंधळी किक म्हंजे काय?"

"मला माहीत न्हाय. पण अंदाज सांगू?"

"सांग."

"आंधळी म्हंजे न बघता. बघायचा असतो काटा. तर काटा न बघता मारलेली."

आप्पांच्या भुवया वर गेल्या. "मुकी उतरण?"

"गाडीचं तोंड बंद. म्हंजे इंजिन बंद करून उतार उतरायचा. आप्पा, कायद्यानं चूक हाय हे."

"कायद्यानं कशाला, अकलेनं बी चूक हाय. सासरवाडी चाल?"

"माझं लग्न न्हाय झालं. हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या भायेरचा हाय, माझी हरकत हाय."

आप्पा खो-खो हसले. मालूआक्का गेल्यानंतर मी त्यांचं असं हसणं ऐकलं नव्हतं. डोळे पुसून त्यांनी शेवटचा शब्द विचारला, "आणि बाळंतीण चाल?"

वर्षा म्हणाली, "आजीला मणक्याचा त्रास हाय. रिक्षात बसली की हादऱ्यानं तिचा जीव जातो. म्हणून दवाखान्याला मीच नेते, माझ्या गाडीवर मागं बसवून. खड्डा कुठं हाय, स्पीडब्रेकर कुठं हाय, सगळं पाठ हाय मला. ब्रेक मारायचा न्हाय, आधीच गाडी मरू द्यायची हळूहळू. तिला झोप लागली पायजे अशी चालवते. ती चाल काय?"

"तीच," आप्पा म्हणाले.

गाडी बाहेर काढली. मला एक शेवटची आशा होती, उजवा पाय. बाकीचे सगळे तिथंच गचकले होते. पण ती गाडीवर बसली आणि म्हणाली, "आप्पा, तुम्ही आत्ताच बसू नका. माझ्या पायाला सवय न्हाय. मला शाळेच्या मैदानावर एकटीला फिरू द्या. पाय शिकला की मी सांगते." इतक्या पोरांतल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. मीही मागोमाग गेले. मैदानावर ती फिरत राहिली, थांबत राहिली, पुन्हा निघत राहिली. ऊन चढलं. आप्पा कडेच्या दगडावर पिशवी घेऊन बसले होते. मग ती त्यांच्यासमोर येऊन थांबली आणि म्हणाली, "बसा आता."

ती दोघं अक्कोळच्या रस्त्याला लागली आणि मी घरी येऊन उगीचच भांडी घासत बसले. बऱ्याच वेळानं आवाज आला. मी फाटकात गेले. गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली. आप्पा मागं तसेच तिरके बसलेले. पण त्यांचा हात तिच्या खांद्यावर नव्हता. दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर ठेवलेले होते, आणि ते रस्त्याकडेच्या घरांकडं बघत येत होते.

गाडी थांबली. वर्षा उतरली, स्टँडवर लावली. आप्पा खाली उतरेनात. ती म्हणाली, "आप्पा, काय झालं? चुकलं का काय?"

त्यांनी मान हलवली. क्षणभर मला वाटलं, आता ‘न्हाय’ म्हणतील. म्हणा ना, मी मनात म्हटलं, एकदा खोटं बोला. कोण विचारणार आहे तुम्हाला?

"चालंल," आप्पा म्हणाले.

पोरगी आनंदानं त्यांच्या पाया पडली. किमतीचं राजूशी बोलायला सांगून त्यांनी तिला लावून दिलं. ती गेल्यावर मी आत गेले. आप्पा पडवीत बसले होते.

"बाई, लई सोपं होतं बघा," ते म्हणाले. "नुसतं मागं कोण बसलंय ते ध्यानात ठेवायचं. अन् मला येत होतं ते. चौघांनी मिळून नाव ठेवलेलं त्या चालीला. मी मालूला तशी आणली एकदाच, राजू झाल्यावर. चिकोडीवरनं. घरात आल्यावर ती म्हणाली होती, आज बरं वाटलं. मला वाटलं पोराबद्दल बोलत्या."

मी आयुष्यभर नापास पोरांची समजूत घातलीय. पुढच्या वेळेला बघू, अजून संधी आहे, असं किती जणांना सांगितलंय. त्या दिवशी एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. मी आत जाऊन चहा टाकला.

राजूनं फोनवरूनच सगळं ठरवलं, कागद झाले आणि वर्षा गाडी घेऊन गेली. एकदा ताराबाईंना मागं बसवून आली, हॉर्न वाजवला. म्हातारी खाली उतरली नाही, उतरणं तिला अवघड होतं. वरूनच म्हणाली, "आप्पा, बरं हाय न्हवं?" आप्पा म्हणाले, "झ्याक हाय तारू." दोघांनी एकमेकांना हात जोडले आणि गाडी वखारीच्या बाजूला निघून गेली. पुढं वर्षाचं काम बेळगावला वाढलं, ती तिकडंच राहायला गेली, आजीलाही घेऊन गेली. तिचा काय दोष? मी आणि माझी भाकरी-भाजी होतोच, पण शेजारीण काही पाहुणी नसते. रविवारी सकाळी आप्पा आंघोळ करून, सदरा-पायजमा घालून पडवीत बसायचे. दूध अजून जास्तच घ्यायचे. दुपारी ते मला आणून द्यायचे, "खीर करा, राहिलंय," म्हणून. फाटकाचा पुठ्ठा तसाच होता. मी काढू का विचारलं तर म्हणाले, "असू दे, कुणाला तरास हाय त्याचा?"

मी आप्पांना शेवटचं पाहिलं ते उन्हाळ्यातल्या एका रविवारी. दुसऱ्या दिवशी मी दहावीचे पेपर तपासायला बेळगावला गेले, आणि परत आले तोवर राजू येऊन त्यांना बेंगळूरला घेऊन गेला होता. त्या रविवारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी गॅलरीत सांडगे वाळत घालत होते.

कागलकडची दोन पोरं एका गाडीवरून आली आणि पुठ्ठा वाचत थांबली. त्यांनी फाटकाला हात लावायच्या आत आप्पा तिथं पोचले होते.

"परीक्षावाली गाडी हितंच हाय न्हवं, आप्पा?"

"होती. गेली रं. एक पोरगी पास झाली."

"गेली?" पुढचा पोरगा मागच्याकडं वळला. "घे. आलो उन्हातनं फुकट."

"फुकट कशाला? आलाईसा तर बसा की. च्या टाकतो."

"नगो आप्पा, उशीर हुतोय."

"बरं, मग परीक्षा तरी देऊन जावा. तोंडी. हितंच, उभ्या उभ्या."

पोरं हसली, वाईट नाही, आपली सहज. "गाडीच न्हाय तर परीक्षा कशाची, आप्पा?" म्हणून त्यांनी गाडी वळवली. आप्पा फाटक उघडून रस्त्यावर आले. पायात चप्पल नव्हती, डांबर तापलेलं होतं.

"अरं, थांबा की रं," ते त्यांच्या मागं चालत म्हणाले. "एकच इचारतो. न्हाय आलं तरी पास करतो."

पोरं तोवर कोपऱ्यावरून वळली होती.